पगार घेत घेत गणित-शिक्षक: इंग्लंडमधील एका प्रशिक्षण वर्षाचे परीक्षण

इंग्लंडमधील शाळांची उन्हाळी सुटी म्हणजे बेळगावातला ऐन पावसाळा. त्या सुटीत घरी आलो असताना टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत ज्यांना ज्यांना भेटलो, त्यांतील बहुतेकांनी एकच विषय काढला: उद्यमबागेतील कारखान्याचा गुणवत्ता विभाग सोडून परदेशात जाऊन गणिताचा मास्तर होणे खरेच शक्य आहे का, आणि शक्य असेल तर त्यासाठीचे प्रशिक्षण घेण्याजोगे आहे का. मी हे प्रशिक्षण एका शाळासमूहाच्या आणि त्याला जोडलेल्या विद्यापीठाच्या माध्यमातून, पगारी जागेवर पूर्ण केले. दोन्ही संस्थांची नावे मी येथे देत नाही, कारण या लेखात काही तक्रारीही आहेत. शिवाय हा अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी चालतो आणि त्याचा सांगाडा सर्वत्र जवळपास सारखाच असतो.

वर्षाच्या शेवटी हाती दोन गोष्टी येतात आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे क्यूटीएस, अर्थात पात्र शिक्षक म्हणून मिळणारी सरकारी मान्यता. दुसरी म्हणजे पीजीसीई हे विद्यापीठाचे प्रमाणपत्र, ज्याचे साधारणतः ६० श्रेयांक पुढे पदव्युत्तर पदवीसाठी धरले जातात. नोकरीच्या दृष्टीने पहिली गोष्ट निर्णायक आहे. पीजीसीई असल्यास चांगलेच. मात्र केवळ त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत असतील तर आधी विचार करावा.

प्रशिक्षणाच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वी, ज्यांनी ते घेऊच नये त्यांच्याविषयी. ज्यांच्याकडे पदवी आणि बी.एड. आहे आणि ज्यांनी ११ ते १६ या वयाच्या मुलांना गणित शिकवले आहे, त्यांनी हे वर्ष विकत घेण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडच्या शिक्षण विभागाने गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांच्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आणखी नऊ देशांना थेट अर्जाचा मार्ग खुला केला आणि त्या नऊ देशांत भारत आहे. अर्जाला शुल्क नाही. माझ्या एक मावसवहिनी खानापूर तालुक्यातील हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. त्यांनी मला या प्रशिक्षणाबद्दल विचारले तेव्हा मी त्यांना याच मार्गाकडे वळवले. एवढे मात्र लक्षात ठेवावे की या मान्यतेबरोबर नोकरी किंवा व्हिसा मिळत नाही. ती हाती असली की शाळांकडे अर्ज करताना आपण प्रशिक्षणार्थी नसून शिक्षक असतो, इतकाच तिचा अर्थ आहे.

आता पैशांविषयी, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तेथेच होते. गणिताच्या प्रशिक्षणार्थींना इंग्लंडमध्ये करमुक्त विद्यावेतन मिळते आणि २०२५-२६ या वर्षासाठी ते २९,००० पौंड होते, ही माहिती खरी आहे. बेळगावातील एका सल्लागार कार्यालयाने हाच आकडा माझ्या मावसभावाला मोठ्या अक्षरांत छापलेल्या पत्रकात दाखवला. ज्यांना त्या देशात कायम राहण्याचा हक्क नाही अशा परदेशी नागरिकांना विद्यावेतन केवळ भौतिकशास्त्र आणि भाषा या विषयांसाठी मिळते, गणितासाठी नाही, ही अट मात्र त्या पत्रकात कोठेही नव्हती. स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क त्या वर्षी ९,५३५ पौंड होते. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क याहून बरेच अधिक असते आणि ते प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. शिवाय जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला पती, पत्नी किंवा मुले सोबत आणता येत नाहीत. म्हणजे घर गहाण टाकून, कुटुंब मागे ठेवून, विद्यावेतनाच्या आशेवर निघालेला माणूस तेथे पोहोचतो तेव्हा त्याच्या हिशेबातील मोठी जमेची रक्कमच नाहीशी झालेली असते. विद्यार्थी व्हिसावर या अभ्यासक्रमासाठी बेळगावहून निघण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही, जवळच्या नात्यातल्या माणसालाही नाही.

माझी परिस्थिती निराळी होती. पत्नी परिचारिका आहे, तिच्या नोकरीमुळे आम्ही तेथे गेलो आणि तिच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून मला काम करण्याची परवानगी होती. आपल्या भागातील कितीतरी घरांत अशी परिस्थिती आहे: परिचारिका असलेली सून किंवा मुलगी परदेशी जाते आणि अभियंता किंवा बँकेतला जावई तिच्यामागे जाऊन गोदामात खोकी उचलतो. त्या जावयांसाठी हे परीक्षण मुख्यतः लिहीत आहे. अशा माणसाने आधी एखाद्या शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम धरावे, तेथील वर्ग आतून पाहावा आणि मग त्याच शाळेत किंवा तिच्या समूहात पगारी प्रशिक्षणाची जागा मिळते का ते विचारावे. पगारी जागा थोड्या असतात आणि त्यांवर शाळा तुम्हाला अप्रशिक्षित शिक्षकाच्या वेतनश्रेणीत घेते. पगार बेताचाच असतो, परंतु घरभाड्याचा आपला वाटा उचलता येतो आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचे कर्ज डोक्यावर राहत नाही. गणिताच्या शिक्षकांची तेथे जुनी टंचाई असल्यामुळे ओळखीच्या, वर्गात उभा राहू शकणाऱ्या माणसाला शाळा सहसा सोडत नाही.

प्रवेशासाठी पदवी आणि तेथील सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी व गणितात ९ पैकी किमान ४ श्रेणी लागते. आपल्याकडील पदवीची तुलना यूके एनिक ही संस्था करून देते. व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, अभियांत्रिकी पदवीबाबत मला काही अडचण आली नाही. मराठी माध्यमातील एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या, इंग्रजीबाबत मात्र समकक्षता परीक्षा देण्यास सांगण्यात आले, जी फारशी अवघड नाही, पण तिचा खर्च स्वतःच करावा लागतो.

या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग मला अनपेक्षित होता. अभियंत्याला लॅप्लास परिवर्तन येते, आंशिक विकलक समीकरणे येतात. पण अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे का, हे बारा वर्षांच्या मुलाला पटेल असे सांगायला लागल्यावर त्याची ती सगळी विद्या कामाला येत नाही. अभ्यासक्रमाचे पहिले काही आठवडे याच गोष्टींवर खर्च होतात. गणित येणे आणि गणित कोठे अडेल हे आधी ओळखता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत असे तेथे गृहीत धरलेले आहे आणि दुसरी क्षमता पद्धतशीरपणे शिकवली जाते.

उदाहरणेच देतो, कारण ती दिल्याशिवाय या प्रशिक्षणाची खरी किंमत कळणार नाही. ०.३५ आणि ०.४ यांतील मोठी संख्या कोणती असे विचारले की वर्गातील बरीच मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस हे चारपेक्षा मोठे आहेत. ‘दोन उणे मिळून अधिक’ हे वाक्य पाठ असलेली मुले −३ − ५ याचे उत्तर +८ असे लिहितात. मुलाने नियम मोडलेला नसतो, त्याने तो नको तेथे पाळलेला असतो. किंमत २० टक्के उतरल्यावर शर्ट ४८ पौंडांना मिळाला, तर मूळ किंमत किती, या प्रश्नावर मुले ४८ चे २० टक्के काढून त्यात मिळवतात आणि ५७.६० हे उत्तर देतात. प्रशिक्षणात आम्हाला प्रत्येक धड्याची आखणी करताना आधी अशी अपेक्षित चुकीची उत्तरे लिहून काढावी लागत, त्यांमागील मुलाचा तर्क लिहावा लागे आणि मगच शिकवण्याची पद्धत निवडता येई.

त्या पद्धतींचेही शिक्षण काटेकोर होते. ऋण संख्यांसाठी दोन बाजूंना दोन रंग असलेल्या सोंगट्या वापरतात, पिवळी म्हणजे अधिक एक आणि लाल म्हणजे उणे एक. −३ मधून −५ वजा करायचे असतील तर टेबलावर तीनच लाल सोंगट्या असतात आणि पाच काढायच्या असतात. म्हणून एक लाल आणि एक पिवळी अशा शून्याच्या दोन जोड्या ठेवायच्या, पाच लाल उचलायच्या, मागे दोन पिवळ्या उरतात. उत्तर २. नियम शेवटी सांगायचा, आणि बहुतेकदा तो मुलेच सांगतात. शर्टाच्या प्रश्नासाठी एक पट्टी काढून तिचे पाच समान भाग करायचे, चार भाग म्हणजे ४८, एक भाग १२, पूर्ण पट्टी ६०. ही पट्टी आता मी स्वतःही मनात काढतो.

या सगळ्या साधनांमुळे पाठांतराची हकालपट्टी झाली असेल अशी आपल्याकडील जुन्या मास्तरांची समजूत होईल, म्हणून सांगतो की तसे नाही. २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार चौथ्या इयत्तेअखेर बारापर्यंतचे पाढे यायला हवेत आणि २०२२ पासून त्यासाठी संगणकावर २५ प्रश्नांची सक्तीची चाचणी होते, प्रत्येक प्रश्नाला सहा सेकंद. पावकी, निमकी, सवायकी म्हणत वाढलेल्या आमच्या आजोबांना बारापर्यंतच थांबणे कंजुषीचे वाटले असते. पण पाढे येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांमधील फरक आठवीत बीजगणित शिकवताना इतका ठळक दिसतो की, त्या चाचणीबद्दल मला आदरच वाटतो.

दुसरा उत्तम भाग म्हणजे वर्गनिरीक्षण. अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमलेला असतो. तो मागे बसून धडा पाहतो, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी त्यावर बोलतो आणि पुढील आठवड्यासाठी एकच लक्ष्य देतो. कारखान्यात यंत्रावरचा पहिला नग तपासल्याशिवाय पुढचा माल काढू देत नाहीत, तशीच ही शिस्त आहे. मला मिळालेले एक लक्ष्य असे होते: प्रश्न आधी विचारायचा, मग थांबायचे आणि त्यानंतरच मुलाचे नाव घ्यायचे. नाव आधी घेतले तर बाकीचा वर्ग विचार करणे सोडून देतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. पण सवय मोडायला काही आठवडे गेले आणि ती मोडल्यावर माझा वर्ग बदलला. त्याच्या जोडीला प्रत्येक मुलाच्या हातात छोटी पांढरी पाटी असते, सगळे एकाच वेळी उत्तर लिहून वर धरतात आणि कोणाला समजले नाही ते शिक्षकाला चाचणीची वाट न पाहता दिसते. ही एक गोष्ट बेळगावच्या कोणत्याही शाळेत उद्यापासून, कोणत्याही खर्चाविना, साध्या पाटी-खडूने करता येईल.

शिस्तीबाबत आपल्या माणसाने मनाची तयारी करून जावे. सर वर्गात आले की मुले उभी राहतात ही आपली अपेक्षा तेथे उपयोगाची नाही. शारीरिक शिक्षेचा प्रश्नच नाही, आणि आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंद केली आहे. तेथे प्रत्येक शाळेचे वर्तनविषयक लेखी धोरण असते: आधी ताकीद, मग दुसरी ताकीद, मग शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे. शिक्षकाने आवाज न चढवता, त्याच क्रमाने, प्रत्येक वेळी ते अमलात आणायचे असते. प्रशिक्षणात याचा सराव अक्षरशः नाटकाच्या तालमीसारखा करून घेतात. नियमानुसार किमान दोन शाळांत काम करावे लागते आणि प्रशिक्षणाचे किमान १२० दिवस शाळेत घालवावे लागतात. दुसऱ्या शाळेत गेल्यावर कळते की पहिल्या शाळेतील शांतता आपली कमाई नव्हती, ती त्या शाळेच्या व्यवस्थेची होती. दुसरी शाळा हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

आता उणिवांकडे वळतो. विद्यापीठाच्या निबंधांपैकी मुलांच्या गैरसमजांवरचा निबंध वर्गात थेट उपयोगी पडला. उरलेले लेखन प्रशिक्षणार्थी थकून गेलेल्या आठवड्यांत येऊन पडते आणि ते लिहिले नसते तर माझ्या शिकवण्यात तिळमात्र फरक पडला नसता. त्याहून त्रासदायक म्हणजे पुराव्यांची फाइल. सरकारने शिक्षकासाठी आठ मानके ठरवली आहेत आणि प्रत्येक मानक आपण गाठले हे दाखवणारे कागद गोळा करावे लागतात. गुणवत्ता विभागात वर्षानुवर्षे नोंदी ठेवलेल्या माणसाला कागदांचे भय नसते; पण एकच पुरावा तीन ठिकाणी तीन नावांनी चढवायला लावणे ही नोंद ठेवण्याची पद्धत नव्हे, आणि माझ्या संस्थेत तेच चालत असे.

आणखी एक उणीव मला सीमाभागातला म्हणून विशेष जाणवली. माझ्या वर्गात घरी अरबी, पोलिश किंवा तमिळ बोलणारी मुले होती. इंग्रजी नवे असलेल्या मुलांना गणित कसे शिकवावे यासाठी वर्षभरात जेमतेम एक सत्र झाले, तेही सर्वसाधारण सूचनांचे. प्राथमिक शाळा मराठीतून, कन्नड सक्तीचा विषय आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळे इंग्रजीतून, अशा वाटेने आलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नसते की मुलाला उदाहरण येते पण प्रश्न वाचता येत नाही, आणि शिक्षक मात्र त्याला कच्चा ठरवून खालच्या गटात बसवतो. मी माझ्यापुरता क्रम बदलला: आधी फक्त संख्या आणि आकृती असलेले उदाहरण, मग तेच एका ओळीच्या वाक्यात, मग परीक्षेतल्यासारख्या लांब मजकुरात. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि विभागातील इतरांनीही काही वर्गांत वापरला. प्रशिक्षणाने दिले नाही ते बेळगाव-खानापूरच्या शाळांनी आधीच देऊन ठेवले होते. मुलाखतीला जाणाऱ्या आपल्याकडच्या उमेदवारांनी ही शिदोरी झाकून ठेवू नये, स्पष्ट शब्दांत मांडावी.

तेथील परीक्षेची रचनाही समजून घ्यावी लागते. आपल्याकडे एसएसएलसीला ८० गुणांची एक लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत गुण असतात. जीसीएसई गणिताला बहुतेक शाळांत प्रत्येकी ८० गुणांचे तीन पेपर असतात, पहिल्यात कॅल्क्युलेटर चालत नाही. परीक्षा दोन पातळ्यांवर होते आणि खालच्या पातळीवर बसलेल्या मुलाला ९ पैकी जास्तीत जास्त ५ श्रेणी मिळू शकते. कोणत्या मुलाला कोणत्या पातळीवर बसवायचे हा निर्णय शाळा घेते. सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका देणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या मला ही विभागणी आजही पूर्णपणे पटलेली नाही.

प्रशिक्षणानंतरची दोन वर्षे नवशिक्षकाची मानली जातात. सप्टेंबर २०२१ पासूनची ही व्यवस्था चांगली आहे: पहिल्या वर्षी तासिका १० टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी कमी मिळतात आणि मार्गदर्शक कायम राहतो. लंडनबाहेर पात्र शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन २०२५-२६ मध्ये ३२,९१६ पौंड होते. सरकारी शाळेच्या करारात वर्षाला १९५ दिवसांत मिळून १,२६५ तास लिहिलेले असतात, पण वह्या तपासणे आणि धड्यांची तयारी त्यात मावत नाही. उद्यमबागेत पाळी संपली की काम संपत असे. येथे रविवारची दुपार हमखास जाते.

तरीही, काम करण्याची परवानगी आधीपासून असलेल्या आणि पदवीपर्यंत गणित शिकलेल्या माणसाला मी या प्रशिक्षणाची पगारी जागा निःसंकोच सुचवतो. त्यासाठी कोणत्याही दलालाची गरज नाही. शिक्षण विभागाची ‘गेट इनटू टीचिंग’ ही माहितीसेवा मोफत आहे आणि अर्जही सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क करता येतो. पुढील सप्टेंबरच्या प्रवेशासाठी अर्ज ऑक्टोबरमध्ये खुले होतात आणि एका वेळी चार अर्ज करता येतात. मुलाखतीत छोटा धडा घेण्यास सांगितले जाण्याची शक्यता धरून तयारी ठेवावी. त्याच मुलाखतीत आपणही तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे लेखी मागावीत: दुसरी शाळा घरापासून किती दूर असेल, मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात आपल्यासाठीचा तास राखून ठेवलेला आहे का आणि दुसऱ्या शाळेत असतानाचे वेतन कोणती शाळा देते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या तुकडीतील एकाला वर्षाच्या मध्यावर मिळाले, आणि तोवर त्याच्या एका महिन्याचा पगार दोन शाळांच्या पत्रव्यवहारात अडकून पडला होता.